क्रँककेसवरचे आकडे

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वाईहून साताऱ्याकडे येताना अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलची चेन तुटली. तुटलेली चेन पुष्कळदा मागे रस्त्यावर गळून पडते आणि माणूस गाडी बाजूला घेऊन ती उचलून आणतो. ही मात्र पुढच्या स्प्रॉकेटभोवती गोळा झाली, मागचे चाक क्षणभर जखडून पुन्हा सुटले, आणि इंजिनाच्या डाव्या अंगाला काहीतरी फुटल्याचा आवाज आला. गाडी मी चालवत होते. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाने वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून निभावले. गाडी कडेला घेतली तेव्हा गिअरबॉक्सचे ऑइल ओल्या डांबरावर पसरत होते आणि पावसाच्या पाण्यात त्याचे रंगीत पट्टे तयार होत होते.

दुसऱ्या दिवशी पोवई नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी इंजिन उतरवून पोत्यावर ठेवले. ही गाडी ते गेली पंचवीस वर्षे सांभाळत आहेत. क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ओतीव कवचाचा, जुन्या रुपयाएवढा तुकडा उडाला होता आणि तिथून निघालेला एक तडा दोन्ही अर्धे जिथे जुळतात त्या सांध्यापर्यंत पोहोचला होता. त्या तड्यापासून चार बोटांवर इंजिन नंबर होता, आणि तो शाबूत होता. मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात सगळे नीट पाहिले आणि म्हणाले, “ताई, याचा आता भरवसा नाही. वर फळीवर आरएक्स १३५ चं पाच गिअरचं इंजिन आहे, चालू आहे. उद्या संध्याकाळपर्यंत गाडी तुमच्या दारात उभी करतो.”

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. आरएक्स १३५ चे इंजिन आरएक्स १०० च्या चॅसिसमध्ये जसेच्या तसे बसते, फाउंडेशनचे बोल्ट त्याच भोकांत जातात, आणि असे बदल त्यांनी आजवर कितीतरी गाड्यांत केलेले आहेत. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ५० मिलिमीटरच आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मात्र १०० मध्ये ५० आणि १३५ मध्ये ५८ मिलिमीटर, त्यामुळे एकाची क्षमता ९८ सीसी भरते आणि दुसऱ्याची १३२. घाटात चौथ्या गिअरवर दम खाणारी गाडी अचानक उमेदीने चढू लागते, असे ज्यांनी हा बदल केला आहे ते सगळे सांगतात. यंत्राच्या बाजूने पाहिले तर या बदलाविरुद्ध माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे काही नाही, आणि हे मी आधीच कबूल करते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याचा रोख यंत्रापेक्षा वेगळ्या गोष्टीकडे आहे.

अण्णांनी ही गाडी १९९० च्या नोव्हेंबरात घेतली. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, आणि धोम धरणाच्या डाव्या कालव्याच्या भरावावरून, जिथे जीप नेणे जिवावरचे असे, तिथून ही शंभर किलोच्या आसपासची गाडी ते वर्षानुवर्षे नेत राहिले. एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांच्या सहकार्यातून १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे निघालेल्या या गाडीचे ११ बीएचपीचे इंजिन, तिचा सायलेन्सरमधून येणारा टणटणीत आवाज आणि टू-स्ट्रोकच्या धुराचा तो गोडसर जळका वास हे आमच्या घरात ‘अण्णा आले’ याचे चिन्ह होते. आई तो आवाज ऐकून चहाचे आधण ठेवत असे. अशा गाडीचे इंजिन बदलायचे म्हणजे नेमके काय बदलायचे, हा प्रश्न मला त्या पोत्यापाशी उभी असताना पहिल्यांदा पडला.

कारण खरे पाहता ते इंजिन कितीतरी वेळा बदललेलेच होते. पिस्टन दोनदा नवा बसवला होता, बोअर दोनदा केला होता, कनेक्टिंग रॉडचा किट, क्रँकचे बेअरिंग, ऑइल सील, क्लच प्लेटा, किकचे गिअर यांतले मूळचे काहीही उरलेले नव्हते. बोअर पाव मिलिमीटरने वाढवत जातात, हे दुचाकीवाल्यांना माहीत असते. दुसऱ्या ओव्हरसाइजला बोअर साडेपन्नास मिलिमीटरचा होतो, आणि गणित केले तर आमची ९८ सीसीची गाडी त्या दिवसापासून खरोखर १०० सीसीची झाली होती. तिच्या नावाप्रमाणे! तरीही आरटीओच्या लेखी आणि विमा कंपनीच्या लेखी ते १९९० सालचेच इंजिन होते, कारण ओळख पिस्टनला नसते, सिलिंडरलाही नसते. ओळख असते ती क्रँककेसवर ठोकलेल्या अक्षरा-आकड्यांच्या ओळीला. आत काहीही घाला, दुरुस्ती ती दुरुस्तीच. पण क्रँककेस बदलला की इंजिन बदलले. आणि आमचा नेमका क्रँककेसच फुटला होता.

त्या आकड्यांची मला नुकतीच आठवण झालेली होती. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, लावणे महाराष्ट्रात सक्तीचे झाले, आणि तिची नोंदणी ऑनलाइन करताना गाडीच्या नंबराबरोबर चॅसिस आणि इंजिन या दोन्ही क्रमांकांचे शेवटचे पाच आकडे भरावे लागतात. मार्चमध्ये मी अण्णांना ते वाचून दाखवायला सांगितले होते, आणि ते आरसी बुक न उघडता चष्मा कपाळावर ठेवून पाठ म्हणाले होते. पस्तीस वर्षांत ते त्यांच्या जिभेवर बसले होते.

मिस्त्रींना ‘दोन दिवस थांबा’ असे सांगून मी कायदा वाचायला बसले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातल्या बदलांविषयी आहे, आणि २००० सालच्या दुरुस्तीनंतर त्याचा गाभा असा, की उत्पादकाने मुळात जे तपशील ठरवून दिले आणि जे आरसीत नोंदले गेले, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. या कलमाखालचे एक स्पष्टीकरण ‘बदल’ या शब्दाचा अर्थ सांगते: वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप पालटते. आरसीवर घनक्षमता ९८ आहे. तिथे १३२ चे इंजिन बसवले की तो कागद खोटा ठरतो, मग इंजिन त्याच कंपनीचे असो, त्याच बोल्टांवर बसत असो, की त्याहून चांगले असो. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली आणि राज्यांचे नियम या कलमाच्या वर जाऊ शकत नाहीत, हेही सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले, आणि त्यानुसार कायद्याने मान्य नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द मी दोनदा वाचले.

इंजिन त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे. आरएक्स १०० च्या जागी दुसरे आरएक्स १०० चे इंजिन बसवल्याने घनक्षमता, इंधन, सिलिंडरांची संख्या यांपैकी काहीही पालटत नाही. पालटतो तो फक्त इंजिन क्रमांक, आणि तो नोंदवून घ्यावा लागतो. नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी, आरसी, नव्या इंजिनाचे बिल आणि ते कुठून आले याचा पुरावा, चालू विमा, पीयूसी, मोटार वाहन निरीक्षकाची प्रत्यक्ष तपासणी आणि चॅसिस व इंजिन या दोन्ही क्रमांकांची पेन्सिल प्रिंट, म्हणजे कागदावर उमटवलेला ठसा, असा हा साधारण रस्ता आहे. परवानगीवाचून बदल झालाच असेल तर तो १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंदवून घ्यावा, असे कलमात म्हटले आहे. गाडीवर कर्ज असेल तर हप्ते फेडून घेणाऱ्या संस्थेची लेखी संमती हवी. हे सगळे वाचताना अवघड वाटत नाही. अवघड आहे ते ‘इंजिन कुठून आले याचा पुरावा’ एवढ्या पाच शब्दांत.

पुण्यात कुंभारवाड्याजवळचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे आणि मुंबईत कुर्ल्याच्या भंगार पट्ट्यात माझे दोन-तीन रविवार गेले. आरएक्स १०० ची इंजिने मिळतात, पण बिल विचारले की विक्रेत्याची नजर दुसरीकडे जाते. एका ठिकाणी क्रँककेसवर आकड्यांच्या जागी ग्राइंडर फिरवल्याची गुळगुळीत, चकचकीत जागा होती, आणि दुसरीकडे आकडे होते खरे, पण त्यांतला तीनचा आकडा शेजारच्या तीनपेक्षा वेगळ्या ठशाने उमटलेला होता. “पंच करून देतो, हवा तो नंबर सांगा,” असे मला सहज, भाजीचा भाव सांगावा तसे सांगण्यात आले. आपल्याच आरसीवरचा जुना नंबर दुसऱ्याच्या क्रँककेसवर ठोकून घेणे हा अनेकांना सोपा उपाय वाटतो, कारण मग कागदावर काहीच बदलत नाही. पण ती बनावट ओळख असते, फौजदारी गुन्हा असतो, आणि त्या क्रँककेसचा पहिला मालक कुठेतरी पोलीस ठाण्यात तक्रार देऊन अजून आपल्या गाडीची वाट पाहत असण्याची शक्यता असते. आरएक्स १०० वर चोरांचा डोळा फार. माझ्या एका मावसभावाची गाडी कराडच्या बाजारातून गेली ती गेलीच, आणि तिचे इंजिन आज कोणाच्या तरी चॅसिसमध्ये धडधडत असेल, हा विचार त्या ढिगाऱ्यासमोर उभी असताना माझ्या मनातून जाईना.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ नावाची सोय आहे. तिथे इंजिन किंवा चॅसिस क्रमांक घातला की तो चोरीला गेलेल्या वाहनांच्या यादीशी ताडून पाहता येतो. जुने इंजिन घेणाऱ्याने पैसे मोजण्याआधी एवढे तरी करावे. ज्या गाडीची नोंदणी रीतसर रद्द झाली आहे आणि जी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात मोडीत निघाली आहे, तिच्या सुट्या भागांमागे कागद उभे असतात. अशा वाटेने आलेले इंजिनच निरीक्षकापुढे न अडखळता ठेवता येते. मला तीन आठवड्यांत असे एकही आरएक्स १०० चे इंजिन मिळाले नाही.

आता विम्याविषयी. इंजिन बदलणाऱ्यांच्या बोलण्यात हा विषय सर्वांत शेवटी येतो, किंवा येतच नाही. मला मात्र तो पहिला वाटतो.

पॉलिसीचा कागद काढून पाहा. तुमचे नाव, गाडीचा नंबर, बनावट, साल, घनक्षमता, चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक. विमा कंपनी जो करार करते तो या ओळींनी बांधलेल्या एका विशिष्ट यंत्राविषयी असतो, आणि विम्याच्या करारात महत्त्वाची गोष्ट न लपवण्याची जबाबदारी विमा घेणाऱ्यावर इतर करारांपेक्षा अधिक असते. गंमत अशी, की १०० ऐवजी १३५ बसवून हप्त्यात काही वाचतही नाही. थर्ड पार्टी विम्याचे २०२२ साली ठरलेले दर पाहिले तर ७५ ते १५० सीसी हा एकच गट आहे आणि त्याचा वार्षिक हप्ता ७१४ रुपये आहे. ९८ आणि १३२ दोन्ही त्यातच येतात. म्हणजे मालकाने विमा कंपनीला बदल कळवला असता तर त्याला जास्तीचा हप्ता द्यावा लागला नसता. पण कळवायचे तर आरसीवर नोंद हवी, आणि आरसीवर ती नोंद होत नाही. आरटीओत जी गाठ सुटत नाही ती विम्यातही तशीच राहते.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो पस्तीस वर्षांच्या गाडीला सहसा नसतोच. पण नव्या गाडीत इंजिन बदलणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की अपघातानंतर येणारा सर्वेअर पहिल्यांदा वाकून पाहतो तो हाच क्रमांक. माझ्या स्कूटरच्या पॉलिसीवर इंजिन क्रमांकातल्या ‘बी’ या अक्षराऐवजी ‘८’ छापला गेला होता. इंजिन तेच होते, कंपनीतून आले तसेच. चूक छपाईची होती आणि ती माझ्या ध्यानात आली नव्हती. पावसात स्कूटर दुभाजकावर आदळली तेव्हा सर्वेअरने त्या एका अक्षरापाशी बोट ठेवले आणि माझा दावा सहा आठवडे थांबला. आरसी, विक्रीचे बिल, पेन्सिल प्रिंट, दुरुस्तीचे पत्र, असे कागद मी पाठवत राहिले. त्या वेळी मला फार संताप आला होता. आज वाटते, की माझ्याकडे निदान सगळे खरे कागद होते. ज्याच्या गाडीत खरोखरच दुसरे इंजिन आहे, त्याने काय दाखवायचे?

तरीही ओन डॅमेज हा आपला आणि आपल्या खिशाचा प्रश्न आहे. थर्ड पार्टीचे तसे नाही. कलम १४६ ने तो विमा सक्तीचा केला आहे, तो नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण ती तरतूद कोणासाठी आहे हे पाहिले पाहिजे. आपल्या गाडीखाली आलेला शाळकरी मुलगा, बाजाराहून परतणारी बाई, दुसऱ्या गाडीवरचा कोणी, ज्याने आपल्याशी कसलाही करार केलेला नाही आणि ज्याला आपल्या इंजिनाविषयी काहीही ठाऊक नाही, त्याच्यासाठी हा विमा असतो. जीवितहानी झाली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील तिला कमाल मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी दुचाकीच्या पॉलिसीत ती एक लाखाची असते. जखमीला पैसे नाकारण्यासाठी विमा कंपनीला कायद्याने मोजकीच कारणे दिली आहेत. इंजिन बदलले हे त्यांत नावाने नाही, पण महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून पॉलिसी घेतली, हे आहे. आणि न्यायालये कित्येक प्रकरणांत असा आदेश देतात, की कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग ते वाहनमालकाकडून वसूल करावेत. म्हणजे ज्याचा पाय गेला त्याला वर्षानुवर्षांच्या वादानंतर काही मिळेल, आणि ज्याने हौसेने इंजिन बदलले त्याच्या घरावर टाच येईल.

मिस्त्रींना मी हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ स्पॅनर पुसत राहिले. “इतक्या गाड्या केल्या, ताई,” ते म्हणाले, “कुणी कधी विचारलं नाही.” हे खरेच आहे. रस्त्यावर गाडी अडवणारा पोलीस कागद पाहतो, इंजिन क्रमांक क्वचितच पाहतो. पीयूसी केंद्रात यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये जाते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजला जातो. २००० च्या मार्चअखेरपर्यंत तयार झालेल्या दुचाकीला त्याची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यानंतरच्या गाड्यांना त्याहून कमी. मर्यादा कोणती लावायची हे गाडीच्या सालावरून ठरते, आत इंजिन कोणते आहे हे तिथे कोणी वाकून पाहत नाही. म्हणून वर्षानुवर्षे काही होत नाही, आणि होते ते ज्या दिवशी माणूस आधीच रुग्णालयाच्या किंवा पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला असतो त्या दिवशी.

इंजिन बदलण्याची आपल्या देशातली परंपरा काही हौसेपुरती नाही, हे सांगितले नाही तर माझ्याकडून अन्याय होईल. सौराष्ट्रात बुलेटचा पुढचा अर्धा भाग, मागे दोन चाके आणि शेतीच्या पंपाला वापरतात तशा जातीचे डिझेल इंजिन जोडून छकडा तयार झाला. बैलाच्या छोट्या गाडीचे आपल्या मराठीतले नावच तिथे यंत्राला मिळाले. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी बुलेटलाच औत जोडले आणि बैल परवडत नसलेल्या शेतकऱ्यांसाठी ‘बुलेट सांती’ घडवली. एन्फिल्डने स्वतः ३२५ सीसीची डिझेल गाडी विकली. या सगळ्यांमागे गरज होती, डोके होते आणि हातांतली कला होती. त्या कलेला कायद्याची वाट मिळावी, असे मला मनापासून वाटते. आज जी वाट खुली आहे ती इंधन बदलण्याची: सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी, आणि तीही मान्यताप्राप्त किट असेल तर. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून एआयएस १२३ या मानकानुसार तपासलेले विजेचे किट बसवले, की आरटीओ आरसीवर इंधनाचा प्रकार बदलून देते, आणि विमा कंपनीही ते मान्य करते. ठाण्यातल्या एका कंपनीने स्प्लेंडरसाठी असे किट आणले आहे. अण्णांना मी ते सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “स्प्लेंडरला चांगलं आहे.”

माझी तक्रार एवढीच आहे, की बंद पडलेल्या जुन्या गाड्यांसाठी, त्याच बनावटीचे इंजिन बसवू पाहणाऱ्या प्रामाणिक मालकासाठी, कोणते कागद लागतील याची एक स्पष्ट यादी प्रत्येक आरटीओच्या दारावर लावलेली असावी. ती मी गेले त्या दोन कार्यालयांत नव्हती. एका खिडकीवर एक उत्तर मिळाले आणि दुसऱ्या खिडकीवर दुसरे. खरे सांगू पाहणाऱ्याला इतके हेलपाटे पडतात, म्हणून पुष्कळ जण न सांगण्याची वाट धरतात. शेवटी एका वयस्क निरीक्षकांनी मला बसवून घेतले, आरसी पाहिली आणि विचारले, “जुना क्रँककेस टाकून दिलात का?” मी नाही म्हटले. “मग आधी तो दुरुस्त होतो का ते पाहा. नंबर शाबूत असेल तर तुम्हाला आमच्याकडे येण्याची गरजच नाही.”

हा विचार मिस्त्रींनी आणि मी दोघांनीही सोडून दिला होता. ॲल्युमिनियमचे ओतीव काम, त्यात पस्तीस वर्षे मुरलेले तेल, आणि तडा थेट सांध्यापर्यंत गेलेला. पण मिस्त्रींनी कोल्हापूरला फोन केला. शिवाजी उद्यमनगरात ओतीव कामाची आणि मशीनिंगची जी पिढीजात कारागिरी आहे, तिच्यावर आमच्या भागातल्या माणसाचा डॉक्टरवर असतो तसा विश्वास असतो. एका शनिवारी क्रँककेसचे दोन्ही अर्धे टॉवेलात गुंडाळून मी एसटीने कोल्हापूरला गेले.

तिथल्या कारागिरांनी आधी वेल्डिंगचे नावच काढले नाही. क्रँककेस रॉकेलने धुतला, मग गरम साबणाच्या पाण्याने, मग हलका तापवला, तेव्हा धातूच्या छिद्रांतून जुने तेल घामासारखे वर आले. ते पुसून पुन्हा तापवला. असे चार वेळा झाले. तेल आत राहिले तर वेल्डिंगमध्ये बुडबुडे धरतात, असे त्यांनी सांगितले. मग तड्याच्या टोकाशी एक बारीक भोक पाडले, म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि तड्याच्या दोन्ही कडा घासून त्यांची इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच केली. उडालेल्या तुकड्याच्या जागी तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा कापून बसवला आणि आर्गन वेल्डिंगने थोडे थोडे, मध्ये थांबत, भरत नेले. मी एकच विनंती केली होती, की नंबराच्या पट्टीवर ना ग्राइंडर लागावा ना ज्योत. त्यांनी आकड्यांवर ओला फडका घडी करून ठेवला, तो कोरडा पडला की बदलला, आणि एकदाही मला आठवण करून द्यावी लागली नाही. क्रँककेस कोमट राखेत रात्रभर निवत ठेवला. दुसऱ्या दिवशी सांध्याचा पृष्ठभाग सरफेस प्लेटवर ठेवून पाहिला, बेअरिंगची बैठक मापली, जरा उंच राहिलेली कड उतरवली. मी निघताना त्यांनी बिलावर ‘आरएक्स १००, क्रँककेस डावा, आर्गन वेल्डिंग’ असे लिहिले आणि मी सांगितल्यावरून खाली इंजिन क्रमांकही लिहिला.

मिस्त्रींनी नवी ऑइल सील, नवे बेअरिंग आणि नवी चेन घालून इंजिन बांधले. आरएक्स १३५ चे इंजिन फळीवर तसेच आहे. कोणाच्या तरी आरएक्स १३५ साठी त्याचा उपयोग होईल, आणि तो व्हावा, असे मी त्यांना म्हटले. अण्णांनी पहिली किक स्वतः मारली. त्यांचे वय एकाहत्तर आहे, गुडघा दुखतो, आणि गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली.

यात एक गोष्ट मी अण्णांना सांगितली तेव्हा ते खुलले. २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांचे नियम केले. ५० वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी, जिच्या चॅसिसमध्ये किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, ती ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या मालिकेत नोंदवता येते. आमच्या गाडीची पन्नाशी २०४० साली भरेल. “म्हणजे पंधरा वर्षं,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले.

नोव्हेंबरात नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावे लागते, तशी ही आमची पाचवी खेप. नमुना २५, विमा, पीयूसी, पर्यावरण कराची पावती, आणि मी वरून कोल्हापूरचे बिल व दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे जोडली होती. निरीक्षक निराळे होते, तरुण होते. त्यांनी वाकून पाहिले आणि वेल्डिंगच्या खवल्यांवर त्यांचे बोट थांबले. “हे काय?” मी बिल दिले. त्यांनी छायाचित्रे पाहिली, बिलावरचा क्रमांक वाचला आणि काही न बोलता पांढऱ्या कागदाची पट्टी अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती क्रँककेसवर दाबून धरली आणि पेन्सिलीचे शिसे आडवे करून हळूहळू फिरवले. काळ्या पट्ट्यातून एकेक पांढरा आकडा वर येऊ लागला. निरीक्षकांनी ती पट्टी उजेडाकडे धरली, आरसीशी ताडून पाहिली, फायलीला चिकटवली आणि पुढची गाडी बोलावली.